अर्थ न लागल्यास विचारावे

शिरगाव, १२ नोव्हेंबर १९६७

भाई,

तीर्थरूप लिहू की प्रिय लिहू, यावर एक कागद वाया गेला, म्हणून नुसतं भाई. याचा राग आला तर तेवढ्यासाठी तरी उत्तर पाठव.

दोन वर्षं झाली. तू पुढे शिकायला इंग्लंडला गेलास हे मला गणकयंत्र केंद्रातल्या शिपायाकडून कळलं, आणि तुझ्या आईला माझ्याकडून. दिवाळीला तिला तुझं दोन ओळींचं कार्ड येतं. मला तेही नाही. मामेबहीण म्हणून नको पाठवूस, पण जिच्याबरोबर तीन वर्षं बसून गणकयंत्रासाठी मराठी शब्दांची एक अख्खी भाषा रचलीस, ती मेली की जगली एवढं तरी विचारायचंस. (भाषा म्हणतेय मी. मी ठणठणीत आहे.)

तर भाषेचं असं झालंय. परवा मुंबईला केंद्रात साहेबांनी बोलावलं. तुझी व्याख्या टेबलावर होती. बेचाळीस पानं, आपल्या भाषेत काय लिहिता येतं आणि प्रत्येक वाक्याला यंत्राने नेमकं काय करायचं. साहेब म्हणाले, "मिस सावे, किती दिवस हे बाळंतपण चालणार?" मेअखेरची मुदत दिली. बोईसरच्या बांधकामावरच्या तीन माणसांनी, माझा हात न लागता, या भाषेत एक खरं गणित यंत्राकडून करून घेतलं तर भाषा राहील. नाही तर फाइल बंद. मग सगळ्यांनी परदेशी भाषाच वापरायची आणि मी यंत्राची भोकांची कार्डं पंच करायला बसायचं. वर आणखी एक मेख मारली: व्याख्येतलं अक्षरही बदलायचं तर तुझी लेखी संमती हवी, कारण मुखपृष्ठावर नाव तुझं आहे.

आपलं भांडण तुला आठवत असेलच. तुझं म्हणणं, व्याख्या पुरी झाल्याशिवाय भाषा कोणाच्या हाती द्यायची नाही. माझं म्हणणं, लोकांनी हाताळल्याशिवाय ती पुरी होणारच नाही. मी ती बोईसरच्या लोकांना दाखवली, तू म्हणालास मी भाषेची भेळ केली, आणि निघून गेलास. मी आजही म्हणते, दाखवली ते बरं केलं. रागाव हवा तेवढा.

माझी अडचण वेगळीच आहे. बोईसरला यंत्र नाही. माणसं प्रोग्रॅम कागदावर लिहितात, त्याची कार्डं मुंबईला जातात आणि आठवड्याने उत्तर येतं की दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिला. पुन्हा आठवडा. अशाने कोण भाषा शिकणार? मूल बोबडं बोललं की आई तिथल्या तिथे बोलते म्हणून ते शिकतं.

म्हणून मी घरीच यंत्र केलं आहे. हसू नकोस. तुझी आई यंत्र झाली आहे.

रविवारी तीन माणसं बोईसरहून येतात. म्होरक्या रामकिसन, परभणीकडचा, खाडीवरच्या बांधाच्या कामावर एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर. ते ओटीवर बसून प्रोग्रॅम लिहितात आणि दाराच्या फटीतून कागद आत सरकवतात. आत आत्या तुझी बेचाळीस पानं मांडीवर घेऊन बसते, वाक्यामागून वाक्य करते, आणि उत्तर बाहेर सरकवते. जुनी सातवी फायनल पास आहे ती, तोंडी हिशेबात मला आजही हरवते. पहिल्या दिवशी म्हणाली, "माज्या लेकानं लिवलंय ना? मग मला समजंल."

तुझी पानं तिच्या हातात पाहिली आणि पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तू इतकं बारीक लिहिलंस. तेवढ्यासाठी आभार. बाकीचं भांडण राखून ठेवलं आहे.

कुमुदिनी

शिरगाव, १७ डिसेंबर १९६७

भाई,

उत्तर नाही. ठीक आहे. उंटावरून शेळ्या हाकायलाही तू तयार नाहीस, तर मी माझ्या शेळ्या मीच हाकते.

रामकिसनला काय हवंय ते आधी सांगते. बांधाच्या खालच्या अंगाला पाणी उतरल्यावरच काम करता येतं, आणि ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. चार टोळ्या आहेत. कोणत्या टोळीने कोणत्या दिवशी किती वाजता उतरायचं आणि किती वाजता वर यायचं, याचा महिन्याचा तक्ता तो हाताने करतो, आणि करता करता त्याचे डोळे पांढरे होतात. हेच ते खरं गणित. तक्ता चुकला तर माणसं खाली आणि पाणी वर, म्हणून तो जिवापाड सांभाळून करतो.

पहिल्या तीन रविवारी इतकं झकास चाललं की मी हवेत होते. रामकिसनने लिहावं, आत्याने करावं, तक्ता हजर. तो म्हणाला, "बाई, ही भाषा लई सोपी हाय हो!" तोच प्रोग्रॅम मी कार्डांवर चढवून मुंबईला पाठवला. यंत्राने पहिल्या ओळीतच थोबाडीत मारली.

मी आत्याला म्हटलं, तुला जमलं ते यंत्राला का जमेना? तेव्हा बाईसाहेबांनी कबूल केलं. रामकिसन कुठे थांबायचं ते लिहायला विसरला होता. "अगं, त्याला महिन्याचंच हवं असणार. मी कशाला वर्षभराचं काढत बसू?" एका ठिकाणी मिळवायचं तिथे त्याने वजा केलं होतं. ते हिने गुपचूप सुधारलं. "बिचारा परमुलखातला पोर. त्याचं चुकलेलं त्याच्या तोंडावर काय दाखवायचं?"

कपाळ माझं! असं यंत्र जगात कुठे मिळणार नाही आणि असल्या यंत्रावर भाषा शिकलेला माणूस जन्मात शहाणा होणार नाही.

तू म्हणायचास, माणूस मधे आला की अर्थ पातळ होतो. मी तुला तेव्हा चिडवलं होतं. या महिन्यात ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं एवढं म्हणते. पुढचं तुझं तू समजून घे.

एक गंमत. आत्या पानं वाचता वाचता मधेच हसते. परवा म्हणाली, "हा जेवताना पण असाच बोलायचा. 'भात वाढ' नाय म्हणायचा. 'आमटीच्या उजव्या अंगाला, बोटभर लांब, एक मूद वाढ.'" मग बराच वेळ ते पान तिने उलटलं नाही. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

कुमुदिनी

शिरगाव, २१ जानेवारी १९६८

भाई,

तिळगूळ पाठवत नाही. तिकडे पोचेपर्यंत त्याचा दगड होतो आणि तुझ्याकडे दगड पुष्कळ आहेत.

संक्रांतीनंतर मी आत्याला गळ्याची शपथ घातली. आता दयामाया नाही. तुझ्या पानांत बसेल तेवढंच करायचं, आणि बसत नसेल तर "समजलं नाय" म्हणून कागद परत. मुंबईचं यंत्रही तेवढंच म्हणतं. तुझ्याच व्याख्येप्रमाणे.

आज रविवार. सकाळपासून आत्या आत आणि ते तिघं बाहेर. कागद आत गेला की "समजलं नाय." सुधारून दिला की "समजलं नाय." दुपारपर्यंत ओटीवर कागदांचा खच पडला. दोघं जोडीदार किल्ल्याकडे फिरायला निघून गेले. रामकिसन एकटा उरला. शेवटी तो दाराला तोंड लावून म्हणाला, "आत्याबाई, कामून असं करता? काय समजलं नाही तेवढं तरी सांगा की!"

आतून आवाज आला, "समजलं नाय."

त्याने चपला घातल्या. मला म्हणाला, "बाई, तुमची भाषा शहाण्या माणसांची हाय. आमचं पंचांग बरं." आणि गेला. भाई, भाज्यांची उकडहंडी लावलेली होती, मडकं उघडायचं बाकी होतं, आणि माणूस न जेवता गेला!

आत्या बाहेर आली. उपाशी माणूस दारातून गेला हे तिला असं लागलं की ती उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "कुमू, माज्या लेकाचं यंत्र असंच हाय काय गं? माणूस जीव तोडून इचारतो आनि ते एकच बोलतं?" मी म्हटलं, असंच आहे. ती म्हणाली, "त्याला असं कुणी शिकवलं? मी तर नाय शिकवलं."

तुझी बाजू घेऊन बोलायचं मी ठरवलं होतं. जमलं नाही. लाड केले तर माणूस खोटं शिकतो, कडक वागलं तर माणूस उठून जातो. मुदत मेपर्यंत आहे आणि माझा एकुलता एक रामकिसन रुसून बसला आहे. भाई, मला खरंच काही सुचत नाही. तू इथे असतास तर माझ्यावर ओरडला असतास आणि ओरडता ओरडता काहीतरी सुचवलं असतंस. तेवढ्या ओरडण्यालाही मी आज मोताद झाले आहे.

कुमुदिनी

शिरगाव, २५ फेब्रुवारी १९६८

भाई,

हे पत्र बसून वाच आणि संपेपर्यंत रागावू नकोस. या पत्राला उत्तर हवंच आहे.

शेजारच्या येसूबाईच्या मुलीचं लग्न झालं. आमंत्रणाचं काम आत्याकडे होतं. तिने ठकीला (येसूबाईची वाडी शिंपायला येते ती) हळदकुंकू देऊन पलीकडच्या पाड्यावर धाडलं: "परत्येक घराला आमंत्रण दे." ठकी गेली आणि दिलं.

लग्नाच्या दिवशी अख्खा पाडा आला. म्हातारे, तान्ही, पाव्हणेरावळे. झालं असं की येसूबाईच्या मनात होतं घरटी एक. ठकीने दिलं चूलबंद. आज घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं! दुसऱ्या पंगतीला भात संपला. येसूबाई आत्यावर उखडली, आत्या ठकीवर.

ठकी काही कमी नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी म्हटलंत परत्येक घराला. घरटी एक का चूलबंद, ते कुठं म्हटलंत?"

आत्या म्हणाली, "मग इचारायचं व्हतंस!"

"इचारलं असतं तर म्हटलं असतंत, येवढं पन समजत नाय काय!"

पुन्हा तांदूळ शिजला, लग्न पार पडलं, येसूबाईचा रागही उतरला. पण आत्याच्या डोक्यातून ते जाईना. घरी आल्या आल्या तिने तुझी पानं काढली. "भाईनं ह्याचं काय लिवलंय बघू." 'प्रत्येक' या शब्दाचं पान तिने बरोबर काढलं. मी हजारदा वाचलेलं पान. तिथे तू लिहिलं आहेस: 'प्रत्येकाला स्वतंत्र की सर्वांना मिळून, हे वाक्यावरून ठरत नसल्यास अर्थ अनिश्चित. यंत्र काहीही करू शकते.'

आत्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे त्याला ठावूक व्हतं."

भाई, तुला ठाऊक होतं! मग आम्ही दोघींनी बसून सगळी बेचाळीस पानं चाळली. जिथे जिथे माणूस घसरेल तिथे तिथे तू 'अनिश्चित' लिहून ठेवलं आहेस. खड्डा बुजवला नाहीस, पण प्रत्येक खड्ड्याशेजारी निशाण रोवलंस. दुसऱ्या कोणी हे केलं नसतं. मी तर नक्कीच केलं नसतं, मला इतकी चिकाटी नाही. मी तुला किचकट म्हणत होते तेव्हा तू हे करत होतास.

आता माझी मागणी. जिथे 'अनिश्चित' आहे तिथे 'विचारावे' लिहायचं. एवढंच. यंत्राने लाड करायचे नाहीत आणि "समजलं नाय" म्हणून कागदही फेकायचा नाही. त्याने विचारायचं: घरटी एक की चूलबंद?

उगाच म्हणत नाही. करून पाहिलं. मी स्वतः बोईसरला जाऊन रामकिसनची समजूत काढली, डबा घेऊन गेले. गेल्या रविवारी तो आला. त्याने लिहिलं होतं, 'प्रत्येक टोळीला ओहोटीचे तास द्या.' आतून कागद बाहेर आला, आत्याच्या अक्षरात: 'प्रत्येक टोळीला सगळे तास, का सगळे तास टोळ्यांत वाटून?' त्याने झटकन उत्तर लिहायला पेन्सिल उचलली आणि ती तशीच हातात राहिली. मग हळूच म्हणाला, "बाई, मी हे मनात धरून चाललो व्हतो. एकामागून एक सगळ्यांना सगळे तास दिले असते तर चौथी टोळी पानी चढताना खाली असती." कागदावरच होतं म्हणून बरं. त्या दिवशी तो पोटभर जेवला, आणि आत्या त्याच्याहून जास्त.

आता तुझी संमती हवी. ती नसेल तर साहेब कागदाला हात लावणार नाहीत. मार्च संपायच्या आत आली नाही तर यंत्राला हे शिकवायला मला वेळ उरणार नाही आणि भाषा संपली. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. पाहिजे तर जन्मभर बोलू नकोस. पण भाषेने तुझं काय बिघडवलंय? एक ओळ लिही. 'चालेल' एवढं लिहिलंस तरी पुरे.

कुमुदिनी

शिरगाव, २४ मार्च १९६८

भाई,

आलं! तुझं पत्र आलं!

पोस्टमन फाटकातूनच ओरडला. आत्या वाडीत वालाच्या शेंगा काढत होती, ती ओचा सावरत पळत आली, सगळ्या शेंगा वाटेवर सांडल्या. चार पानं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, पहिलाच शब्द 'चूक'. मी मोठ्याने वाचत होते आणि आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. तू मला मूर्ख म्हटलंस त्या ठिकाणी तर ती म्हणाली, "हा, हा माजाच."

शहाण्या, दोन वर्षं तोंड शिवून बसलास आणि बोललास तो थेट हमरीतुमरीवर! किती बरं वाटलं सांगू.

तुझं म्हणणं मी दहा जणांना समजावून सांगू शकेन इतक्यांदा वाचलं. नुसतं 'विचारावे' लिहिलं की झालं असं नाही. यंत्राने विचारलं, माणसाने आज एक सांगितलं, उद्या दुसरं सांगितलं, तर तोच प्रोग्रॅम दोन दिवशी दोन उत्तरं देईल, आणि मग त्याला व्याख्या म्हणायचं कशाला? म्हणून माणसाचं उत्तर प्रोग्रॅममध्येच लिहिलं गेलं पाहिजे, त्या वाक्यात, त्या जागी. पुन्हा चालवला की यंत्र विचारणार नाही, आणि तिसरा कोणी वाचेल त्यालाही कळेल की इथे घरटी एक ठरलं होतं. प्रश्न कोणता विचारायचा आणि त्याची कोणकोणती उत्तरं चालतील, हेही व्याख्येतच. यंत्राने स्वतःच्या मनाने प्रश्न बनवायचा नाही. आणि उत्तर द्यायला समोर कोणी नसेल तर थांबायचं आणि का थांबलो ते सांगायचं.

भाई, हे मला जन्मात सुचलं नसतं. मी विचारण्यापाशीच खूश होऊन बसले होते. येसूबाईच्या लग्नात ठकीने विचारलं असतं तरी तिच्या मागून जाणाऱ्याला काय ठरलं ते कळलंच नसतं, हे तू इंग्लंडात बसून सांगितलंस. खरं सांगू? वाचताना डोळे भरले. रागाने नाही. माझ्या अर्ध्या विचाराचा कोणीतरी पुरा विचार केला म्हणून.

संमती शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीत, तीही अशी, जणू उपकार. 'वरील सर्व पाळल्यास माझी हरकत नाही.' मी तो कागद साहेबांना दिला. त्यांनी वाचला आणि फक्त एवढंच विचारलं, "हा माणूस नेहमी असाच लिहितो?" मी म्हटलं, त्याची आई म्हणते लहानपणापासून.

उद्यापासून मी मुंबईला. यंत्राला आता विचारायला शिकवायचं आहे.

तुझी ऋणी (एकदाच लिहिते, परत मागू नकोस),
कुमुदिनी

शिरगाव, २७ मे १९६८

प्रिय भाई,

सगळं क्रमाने लिहिते, नाही तर तू म्हणशील भेळ केली.

शुक्रवारी केंद्रात साहेबांनी आम्हाला यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरवर बसू दिलं. म्हणजे कार्डं पाठवून वाट बघणं नाही, समोरासमोर. रामकिसन आणि त्याचे दोघं जोडीदार. मला साहेबांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, हात पाठीमागे बांधून. आत्याही आली होती. "माजी जागा घेनारा बघायचाय," म्हणून हट्टच धरला. नवं लुगडं नेसली होती. थंडगार खोलीत पदर घट्ट ओढून बसली.

रामकिसनने एका बोटाने टाइप केलं. आणि नेमकं तेच वाक्य, 'प्रत्येक टोळीला'. खरं तर त्याला आता ठाऊक होतं, पण घाबरला की माणूस जुनंच लिहितो. मला ओरडावंसं वाटलं. ओठ चावून उभी राहिले.

यंत्र थांबलं. मला वाटलं बंद पडलं. मग टाइपरायटर आपणहून खडखडला आणि कागदावर रोमन अक्षरांत आपल्या मराठीतला प्रश्न उमटला: सगळे तास, की वाटून? रामकिसन हसला. एकटाच, मोठ्याने. 'वाटून' असं टाइप केलं. यंत्राने त्याचं वाक्य पुन्हा छापलं, या वेळी 'वाटून' हा शब्द त्याच्या जागी घालून, आणि मग तक्ता सुरू झाला.

साहेबांनी तो प्रोग्रॅम मुद्दाम पुन्हा चालवायला लावला. दुसऱ्यांदा यंत्राने काही विचारलं नाही. दोन्ही तक्ते त्यांनी एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. आकडा न् आकडा जुळला. मग म्हणाले, "ठीक आहे. ही भाषा राहील." आणि खोलीबाहेर गेले. माझे हात अजून पाठीमागेच होते.

आत्याने यंत्राभोवती एक फेरी मारली. मी विचारलं, कसं वाटलं? "माज्यापरीस बरं हाय. कटाळत नाय. पन जेवायचं इचारत नाय."

भाई, ही भाषा तुझ्यामुळे उभी आहे. माझ्यामुळेही आहे, ते मी सोडणार नाही. पण तू नसतास तर माझ्याकडे नुसती गोड बोलणारी गडबड उरली असती. आभार मानते. मनापासून, आणि आज कुठलाही टोमणा न मारता.

आता तुझं परवा आलेलं पत्र. तुझे प्राध्यापक म्हणाले की हा 'विचारण्याचा' भाग तू नीट लिहून काढ, हाच तुझा प्रबंध. आणि तू लिहितोस की मन लागत नाही, आई एकटी आहे, अर्धवट सोडून पुढच्या महिन्यात बोटीने निघतो. वाचून मी नाचले. धावत आत्याकडे गेले. दोन वर्षं ती पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून बसली आहे हे मी रोज पाहिलंय. रात्री जेवताना तुझंही ताट घ्यायला हात जातो तिचा, आणि मागे येतो. मला वाटलं, आता ती नाचेल.

तिने पत्र हातात घेतलं. स्वतः वाचलं, सावकाश, दोनदा. 'अर्धवट सोडून' या शब्दांवर बोट ठेवलं.

"कुमू, लिव. मी सांगते तसं लिव."

म्हणून जसं सांगितलं तसं लिहिते. 'बाबा, येऊ नको. काम पुरं कर मग ये. मी तुजी पानं सहा म्हैने मांडीवर घेऊन बसले. तू काय करतोस ते आदी मला ठावूक नव्हतं, लोक इचारायचे तर लाजून गप बसायची. आता ठावूक हाय. ते अर्धं ठेवन्यासारकं काम नाय. मी धडधाकट हाय, कुमू जवळ हाय. तू पुरं करून ये. मी वाट बघते.'

एवढं सांगून ती उठली आणि मागच्या दारी गेली. मी मागोमाग गेले. ती रडत होती, भाई, चांगली हुंदके देऊन. मी म्हटलं, आत्या, खोडते मी ते, 'ये' म्हणून लिहिते. तिने माझा हात धरला. म्हणाली, "खोडू नको गं. रडू माजं हाय. काम त्याचं हाय."

मी खोडलं नाही.

कुमुदिनी